इंदुबाईंच्या मशीनची स्प्रिंग

एझ्रा अष्टमकर माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या मोटारसायकलवर मागे बसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, कित्येक वर्षं तोंडावर सांगत आलोय. तो हसतो आणि म्हणतो, "दाजी, पोचलास ना शेवटी? मग झालं तर."

पेणला रामवाडीच्या वाटेवर त्याचं गॅरेज आणि त्याला चिकटून माझं शिंप्याचं दुकान. मधली भिंत एका विटेची. त्याच्याकडे कुणाचं इंजिन रेस झालं की माझ्या टेबलावरचे खडू नाचत नाचत खाली पडायचे, आणि माझ्याकडचा रेडिओ तो तिकडून ओरडून बदलायला लावायचा. मला गावात सगळे दाजी म्हणतात. कुणाचा दाजी ते मलाही ठाऊक नाही. पण पुढे पुढे माझी बायकोही चुकून दाजी म्हणायला लागली, तेव्हा मी तक्रार सोडून दिली.

एझ्रा बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. आमच्याकडची म्हातारी माणसं त्यांना शनवार तेली म्हणायची. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. एझ्राच्या घरचा घाणा आजोबांबरोबर गेला, हाताला तेल तेवढं राहिलं. शनिवार म्हणजे त्यांच्या धर्मातला विसाव्याचा दिवस, तो मात्र एझ्राही पाळायचा. शुक्रवारी सूर्य बुडाला की पाना खाली, मग समोर फौजदार उभा असो की आमदार. नवखं गिऱ्हाईक शनिवारी येऊन बंद फळ्यांवर थापा मारायचं आणि मी मशीनवरून ओरडायचो, "रविवारी या! रविवारी उघडं असतं!" त्यांना वाटायचं, शिंप्याचं डोकं फिरलंय.

कामात त्याचा हात धरणारा नव्हता असं तो स्वतःच सांगायचा, आणि रोज सांगायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग डोळे उघडून गिऱ्हाइकाला शिव्या. "ऑइल कधी बदललं होतंस? लग्नाच्या आधी का नंतर?" असं ऐकून घेऊनही लोक त्याच्याकडेच यायचे, कारण शिव्या फुकट होत्या आणि गाडी नीट व्हायची.

इंजिनाला कान लावायची ही विद्या त्याला एलिजामामांनी दिली. हे त्याचे सख्खे मामा. रोह्याला लागून कुंडलिकेकाठी अष्टमी गाव आहे, तिथे राहायचे. जन्मभर भाताच्या गिरणीचं इंजिन सांभाळलेला माणूस. एझ्रा त्यांच्याच घरी वाढला.

आता त्याचा एक दुर्गुण सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. एझ्राची स्वतःची मोटारसायकल ही पेण तालुक्यातली सगळ्यात दुर्लक्षित गाडी होती. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक, टाकीचा रंग उडालेला, आरसा एकच, आणि तोही आकाश दाखवणारा. स्वतःसाठी आणलेला पार्ट हमखास दुसऱ्याच्या गाडीत जायचा. रेचलवहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या गाडीत मूळचं काय उरलं असेल तर नंबर."

पंच्याण्णव सालच्या सुरुवातीला त्या गाडीच्या पोटातून आवाज यायला लागला. डब्यात चार खिळे घालून कुणी हलवावा तसा. मला गाड्यांतलं कळत नाही, पण एवढं एझ्राने मला माझ्या भाषेत समजावलं होतं. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या आत एक बारीक साखळी असते, तिला टायमिंग चेन म्हणतात. वरचे व्हॉल्व कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते ती साखळी ठरवते. ती ढिली पडू नये म्हणून एक दांडा तिला सतत रेटून ताणात ठेवतो आणि त्या दांड्याला खालून एक स्प्रिंग ढकलत असते. ह्या जोडणीला म्हणायचं टेन्शनर. स्प्रिंग मेली की साखळी सैल पडून खडखडते.

"आणि तसंच चालवलं तर?" मी विचारलं होतं.

"तुझ्या मशीनची सुई खाली यायची वेळ आणि शटल फिरायची वेळ चुकली तर काय होतं?"

"सुई मोडते."

"इथे साखळी एक दात सरकली की व्हॉल्व पिस्टनवर आपटतो. मग गाडी टेम्पोत घालूनच न्यायची."

म्हणजे धोका त्याला माझ्यापेक्षा शंभर पटीने ठाऊक होता. त्याने मुंबईहून नवा टेन्शनर मागवलासुद्धा. पण पार्ट आला त्याच दिवशी कासूचा विठू तसाच खडखडाट घेऊन दारात उभा. विठू रोज पहाटे पेणच्या हॉटेलांना दूध घालायचा. एझ्राने नवा टेन्शनर त्याच्या गाडीत बसवून टाकला. स्वतःच्या गाडीतली मेलेली स्प्रिंग काढली, दोन पकडींत धरून ओढून लांब केली आणि परत आत घातली.

मी म्हटलं, "हे गिऱ्हाइकाने केलं असतं तर तू त्याला गॅरेजमधून हाकलला असतास."

"विठूचं दूध नासलं असतं, दाजी. माझं काय नासणार आहे?"

काय नासणार होतं, ते आम्हाला पुढच्याच शुक्रवारी वाटेवरच्या गडब गावात कळलं.

झालं होतं असं. एलिजामामा आणि रूथमामी कायमचे इस्रायलला निघाले होते. त्यांचा मुलगा सायमन तिकडे स्थिरावला होता आणि म्हातारा-म्हातारीला एकटं ठेवायला तयार नव्हता. रविवारी रात्रीचं विमान. मामांनी घर विकलं, गाय शेजाऱ्याला दिली, कशाबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त एक गोष्ट त्यांच्या मनात अडकून राहिली होती. जायच्या आधी अष्टमीच्या मशिदीत एकदा सेफेर उघडायचं होतं.

हे लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात. तिथल्या कपाटात चामड्याच्या पटावर हाताने लिहिलेला त्यांचा धर्मग्रंथ गुंडाळून ठेवलेला असतो, तो सेफेर. शनिवारी सकाळी तो बाहेर काढून वाचायचा. पण त्याला निदान दहा पुरुष जमायला हवेत, नऊ जमले तर कपाट बंदच. घरं एकेक करून इस्रायलला गेली, काही मुंबईला, काही ठाण्याला. तीन वर्षं अष्टमीत दहा जण जमले नव्हते. मशिदीची किल्ली मामांकडे. ते दर शुक्रवारी दार उघडायचे, झाडून घ्यायचे, कंदिलात तेल घालायचे आणि असतील तेवढ्यांनी प्रार्थना करून कुलूप लावायचे.

तर मामांनी महिनाभर निरोप धाडून माणसं जुळवली. रोह्यातले, अष्टमीतले, दोघे रेवदंड्याचे. एझ्रा गॅरेजच्या पायरीवर बसून बोटावर हिशोब करायचा, "एक नाय, दोन नाय, तीन नाय..."

"नाय काय? आहेत की नाहीत?"

"माणसं सरळ मोजायची नसतात रे. नजर लागते. मामा असंच मोजतात." आणि पुढे, "आठ नाय, नऊ नाय." मग अंगठा स्वतःच्या छातीला. "दहा नाय."

म्हणजे तो गेला तर दहा, नाही गेला तर नऊ. मी म्हटलं, "अडचण पडली तर मला उभा करा. मी गप्प राहीन, फक्त मान हलवीन."

"तुला गप्प राहता येत असतं तर विचार केला असता."

मलाही अष्टमीला जायचंच होतं. मामांना तिकडच्या थंडीसाठी एक चांगला कोट हवा होता. एझ्राने त्यांचं माप आणून दिलं, मी राखाडी लोकरी कापडाचा कोट शिवला आणि अंगावर बसतोय ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. रेचलवहिनी शुक्रवारी सकाळच्या एसटीने पुढे गेल्या. जाताना बजावून गेल्या, "एसटीनेच या हां. त्या खटाऱ्यावर येऊ नका." एझ्रा "व्हय व्हय" म्हणाला. मग कुणाचं तरी क्लच अर्धवट उघडलेलं होतं, ते टाकून कसं जायचं, म्हणून दुपार झाली. एसटी गेली. चार वाजता आम्ही त्याच खटाऱ्यावर बसलो. पुढे एझ्रा, मागे मी, मध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोट.

सूर्य बुडायच्या आत अष्टमी गाठायची होती. एकदा शुक्रवारचा दिवा लागला की एझ्रा गाडीला हात लावणार नाही, हे मी वीस वर्षांच्या शेजारावरून सांगू शकत होतो.

वडखळच्या नाक्यावर पेंढ्याने भरलेला ट्रक आडवा झाला होता. पेंढा रस्ताभर पसरला होता. दोन्ही बाजूंनी गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, एसटीतले प्रवासी उतरून शेंगा सोलत बसले होते. आम्ही रस्त्याच्या कडेने, मग बांधावरून, मग कुणाच्या तरी अंगणातून गाडी काढली. अंगणातली कोंबडी माझ्या मांडीवरून उडून गेली. पलीकडे निघालो तेव्हा रस्ता इतका मोकळा की एझ्रा खुशीत आला आणि त्याने गाडी पळवली. तिथेच चुकलं.

गडबची दुकानं दिसायला लागली आणि इंजिनात खाड् करून आवाज झाला. नंतर नुसता खडखडाट. एझ्राने तत्क्षणी क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि गाडी तशीच रस्त्याच्या कडेला घेतली. उतरला आणि उभ्या जागी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"स्प्रिंग तुटली."

"जाऊ या हळूहळू. एवढं काय?"

"किक मारायची नाय! हात लावू नको!" तो माझ्यावरच खेकसला. "साखळी अजून जागेवर असेल. एक किक मारलीस आणि दात सरकला, तर संपलं."

मागून एकही वाहन येणार नव्हतं, सगळी वडखळला अडकलेली. कासूचं स्टेशन पुढे होतं, पण रोह्याची गाडी संध्याकाळ सरल्यावर. गडबात कुणाची मोटारसायकल मागावी म्हटलं, तर गावातले सगळे पुरुष उलटलेला ट्रक बघायला आणि जमलं तर पेंढा आणायला गेलेले. ऊन पिवळं पडत चाललं होतं. एझ्रा गाडीशेजारी मातीत बसला. एरवी जगाला शिव्या देणारा माणूस, त्या वेळी नुसती माती उकरत राहिला. मग म्हणाला, "दाजी, मामा दारात उभे राहतील. आठ जण आत आणि मामा दारात. आणि मी काय सांगू? विठूचं दूध?"

मला त्याचा राग आला होता, तो तिथेच विरघळला. मी म्हटलं, "आधी उघडून तर बघ."

हत्यारांची पिशवी मात्र त्याच्याजवळ कायम असायची. तो गाडीखाली आडवा झाला, इंजिनाच्या तळाचा एक बोल्ट सोडवला. थोडं काळं तेल गळलं आणि मागोमाग त्याच्या तळहातावर स्प्रिंगचे दोन तुकडे पडले. ओढून लांब केलेली होती, बरोबर तिथेच तुटली होती. दांडा शाबूत होता.

"एवढ्या जाडीची, एवढ्या लांबीची स्प्रिंग पाहिजे," त्याने बोटाने दाखवलं. "इथे कुठे मिळणार?"

मी ते तुकडे हातात घेतले. बोटभर लांबीची, बोरूसारखी बारीक, दमदार स्प्रिंग. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण असली स्प्रिंग मी आयुष्यभर रोज समोर बघत आलोय. शिलाई मशीनच्या डोक्यात, जो दांडा कापडावर दाब देतो, त्या दांड्यावर असते ती.

"मशीन!" मी ओरडलो. "एझ्रा, मशीन शोध!"

शोधायची गरजच पडली नाही. रस्त्यापलीकडे वालाच्या शेंगांचा ढीग विकायला मांडून, त्याच्या मागे एक बाई पायाच्या मशीनवर परकर शिवत होत्या आणि मघापासून शिवणं थांबवून आमचा तमाशा बघत होत्या. त्या इंदुबाई. धिप्पाड बांधा, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज वडखळपर्यंत जाणारा.

मी जाऊन नमस्कार केला, मीही शिंपीच आहे असं सांगितलं आणि स्प्रिंग मागितली.

"म्हंजे माजी मशीन बंद पाडायची?" इंदुबाई म्हणाल्या. "आनि ह्यो परकर कोन शिवल, तुमी?"

"नवी स्प्रिंग आणून देतो. चांगली. पेणहून."

"कधी? उद्या?"

एझ्रा माझ्या मागे येऊन उभा होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "उद्या नाय जमणार. परवा."

"का? उद्या काय हाय?"

"शनिवार."

"शनवारी मारुतीचा उपास धरताव व्हय?"

मला हसू आवरेना. एझ्रा मात्र गंभीरपणे तिथल्या दगडावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. शनिवार, मामा, विमान, सेफेर, दहा माणसं. इंदुबाई आधी कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या, मग शेंगांच्या ढिगाजवळ बसल्या.

"शनवार तेली व्हय तुमी! माजी सासू सांगायची, त्यांचा तेल लय चांगला." मग म्हणाल्या, "आमच्या भजनाला चार जनी आल्या तरी देव येतो. तुमच्या देवाला दहा लागतात, आनि गावात दहा बी रायले नाय?"

"नाय राहिले, बाई."

"आनि म्हातारा जातोय, तो परत नाय येयाचा?"

एझ्राने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तेलकट हातामुळे त्याला ते पुसताही येत नव्हतं. इंदुबाईंनी पदराचं टोक पुढे केलं आणि स्वतःच्या पोराचं पुसावं तसं त्याचं तोंड पुसलं. त्या त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान असतील.

"काडा," त्या मला म्हणाल्या. "बगताव काय? काडा स्प्रिंग!"

मशीनच्या डोक्यावरचा गोल स्क्रू मी बोटांनीच सोडवला आणि स्प्रिंग उपसून काढली. एझ्राने ती टेन्शनरच्या भोकात घालून पाहिली. जाडीला बरोबर बसली, लांबीला जास्त होत होती. त्याने पकड उचलली आणि तसाच थांबला. तोडली की ती मशीनच्या कामाची राहणार नव्हती. दुसऱ्याची वस्तू तोडायला त्याचा हात होईना. स्वतःची ओढून मोडताना काही वाटलं नव्हतं, हे मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं.

"तोडा ओ!" इंदुबाई रस्त्यापलीकडून ओरडल्या. "दिस बुडाया आला!"

त्याने तोडली. कापलेलं टोक कानशीने घासून सपाट केलं, भोकात दोन थेंब तेल सोडलं, दांडा घातला, स्प्रिंग घातली, बोल्ट आवळला. मग पुढचं चाक धरून क्षणभर स्वस्थ बसला. देवाचं नाव घेत असावा. उठून त्याने किक हाताने हळूच खाली दाबली, कान देऊन. मग पायाने मारली.

इंजिन लागलं. खिळ्यांचा डबा गप्प होता.

इंदुबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या दोन्ही खिशांत वालाच्या शेंगा कोंबल्या. "परवा आला नाय, तर मीच येते पेनला!" एवढं बोलून त्या मशीनवरचा अर्धा परकर उचलून हातशिलाईला बसल्या.

पुढचा रस्ता मी डोळे मिटून काढला. नागोठणं गेलं, भिसे खिंडीचा चढ लागला. तिथे एझ्राने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अशी चालवली जशी कुणी आजारी आईला जिना चढवतं. मध्येच म्हणाला, "दाजी, बोल काहीतरी." मी म्हटलं, "मला गप्प राहता येत नाही म्हणालास ना, म्हणून राहून दाखवतोय." तो हसला, आणि खिंड उतरलो.

अष्टमीत शिरलो तेव्हा डोंगरावर अजून लालसर कड होती. मशिदीच्या दारात एलिजामामा उभे होते. पांढरी टोपी, हातात किल्ली. गाडी दिसायच्या आधीच त्यांनी ती ओळखली होती, असं नंतर रेचलवहिनींनी सांगितलं. म्हणाले होते, "एझ्राच हाय. पण टायमिंग चेनचा आवाज बदललाय. काय घातलंय ह्याने?"

एझ्राने गाडी भिंतीला टेकवली आणि चावी माझ्या हातात दिली. ती घेऊन मी करणार काय होतो देव जाणे, मला गाडी येत नाही. रूथमामींनी त्याच्या हातावर तांब्याने पाणी ओतलं, वहिनींनी साबण आणि बोलणी दोन्ही एकाच वेळी दिली. तो पायरी चढला. मामांनी त्याला बघून फक्त एवढंच म्हटलं, "दहा नाय," आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

आत कंदील लागले.

त्या रात्री मी मामांच्याच घरी राहिलो. सामान बांधून झालेल्या रिकाम्या घरात सगळे खाली बसून जेवलो. मामांनी माझ्याकडून स्प्रिंगची गोष्ट तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा एझ्राकडे बघून म्हणाले, "स्प्रिंग ओढून लांब केलीस? मी शिकवलं हे?" चाळिशी ओलांडलेला एझ्रा मान खाली घालून भात कालवत बसला. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचित झालाय.

शनिवारी सकाळी मी कोट मामांच्या अंगावर चढवला. खांद्यात नीट बसला, बाह्यांची लांबीही बरोबर. जानेवारी असला तरी कोकणातच होतो आपण, मामांना घाम फुटला, पण त्यांनी काढला नाही. म्हणाले, "आज नाय घालायचा तर कधी?" तसेच मशिदीत निघाले. मी मागोमाग गेलो आणि डोक्याला रुमाल बांधून दाराजवळ, भिंतीला लागून बसलो. बोलावलं नव्हतं, पण कुणी ऊठही म्हणालं नाही.

कपाटासमोरचा पडदा सारायच्या आधी मामा वळले. तीन वर्षांनी ते मोजत होते. कोटाच्या बाहीतून बोट बाहेर काढून आधी स्वतःच्या छातीवर, मग एकेका माणसाकडे दाखवत, सावकाश, चव घेत घेत.

"एक नाय. दोन नाय. तीन नाय..."

प्रत्येक जण आपल्यावर बोट आलं की जरा ताठ उभा राहायचा. रेवदंड्याचे दोघे, रोह्याचा एक काठी टेकून आलेला म्हातारा, त्याच्याशेजारी त्याचा भाऊ. बोट फिरत एझ्रापाशी आलं. नखांत अजून काळं तेल होतं त्याच्या, कितीही साबण लावला तरी ते जात नाही.

"दहा नाय."

आता मामा वळतील आणि पडदा सारतील असं वाटलं. पण बोट खाली आलं नाही. ते तसंच पुढे सरकत, रिकाम्या बाकांवरून, दाराकडे आलं आणि माझ्यावर थांबलं.

"अकरा नाय," एलिजामामा म्हणाले, आणि सेफेर काढायला वळले.

मी शिंपी. सगळ्या गावाची मापं मी घेतली, माझं कुणी घेतलं नव्हतं. रुमाल डोक्याला बांधलेला, म्हणून मी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले आणि उभा राहिलो, जसे बाकीचे दहा उभे होते.